पोटातला फुगा आणि न वाचलेल्या चार ओळी

गेल्या काही महिन्यांत मला बऱ्याच जणींचे फोन आले. कुणाच्या तरी ओळखीतून नंबर मिळवलेला असतो. बहुतेक जणी हळू आवाजात बोलतात आणि मधेच "थांब हं, सासूबाई आल्या," म्हणून फोन ठेवतात. प्रश्न एकच असतो: वजन कमी करायला पोटात फुगा बसवून घेऊ का, त्यात धोका काय?

मी डॉक्टर नाही. फोनवर मला नीट बोलताही येत नाही, समोरचं माणूस गप्प झालं की मीही गप्प होते. म्हणून एकदाच लिहून काढते. शाळा सगळी इंग्रजी माध्यमात झाली, मराठीत एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

आधीच सांगते, मी आता बरी आहे. फुगा निघाला. पण तो निघायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत मी एकदाही एका जागी शांत बसू शकले नाही. त्यात फुग्याचा त्रास थोडा होता. एका कागदाचा जास्त होता.

चौऱ्याण्णव किलो

वडवणीत पप्पांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मी तिथल्याच एका शाळेत लहान मुलांना शिकवायचे. सव्वीस वर्षांची होते, उंची पाच फूट दोन इंच, वजन चौऱ्याण्णव. लोक काय काय बोलायचे ते सगळं लिहिणार नाही. एकच लिहिते. बीडच्या बसमध्ये एक बाई लेकराला मांडीवर घेत मला म्हणाली, "ताई, तुमी दोन शिटाचं तिकीट काढत जा ना." ती भांडत नव्हती, सल्ला देत होती.

एक दिवस शाळेचा जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली. बीडला तपासण्या केल्या. साखर सीमेवर होती, यकृतावर चरबी होती. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि माझ्याकडं न बघता पप्पांना सांगितलं, "पोरीचं वजन उतरवा. न्हाईतर तिशीतच गोळ्या चालू होतील."

परत येताना पप्पांनी नेहमीच्या हॉटेलपाशी गाडी थांबवली आणि सवयीनं तीन प्लेट भजी सांगितली. सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते मम्मीकडं बघायला लागले.

"आज खाऊ द्या तिला," मम्मी म्हणाली. "उद्यापासून बघू."

उद्यापासून मी चालायला लागले, दुधीचा रस प्यायले, कुठलीशी पावडर घेतली. सहा किलो उतरलं आणि आठ किलो परत आलं. मग एका दुपारी मोबाईलवर मला या फुग्याची माहिती सापडली. घरच्यांनी मला ढकललं असं कुणाला वाटू नये. तो मीच शोधला, मीच हट्ट धरला.

डॉक्टरांचे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर शांत होते. मी फॉर्म इंग्रजीत भरलेला बघून ते माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. पप्पा शेजारी बसले होते. दुकानात कंपनीचा माणूस नव्या औषधाबद्दल बोलायला लागला की त्यांचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता. समजत नसतं, पण मान हलत असते.

डॉक्टरांनी पुष्कळ विचारलं. पोटाचं किंवा अन्ननलिकेचं ऑपरेशन झालंय का? अल्सर होता का, उलटीतून कधी रक्त पडलं का? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? रोज पेनकिलर घेता का? दारू? वर्षभरात लग्नाचा, बाळाचा विचार आहे का? ठरलेल्या तारखांना इथवर यायला जमेल का? यातल्या काही प्रश्नांना 'हो' आलं असतं तर त्यांनी तिथंच नको म्हटलं असतं. शिवाय आधी दुर्बिणीनं पोट आतून बघायचं, आणि जखम दिसली किंवा पोटाचा भाग वर छातीकडं सरकलेला असला तर फुगा बसवायचाच नाही, हेही त्यांनी सांगितलं.

माझी सगळी उत्तरं तेव्हा खरी होती. लग्नाचा विषयसुद्धा तेव्हा घरात नव्हता.

"फुगा सहा महिने तुमचं पोट भरल्यासारखं ठेवतो," ते म्हणाले. "त्या सहा महिन्यांत खायची सवय तुम्ही बदलायची. ते काम फुगा करत नाही. नाही बदललीत, तर तो काढल्यावर वजन परत येईल."

शेवटी त्यांनी एक गोष्ट बजावली. फुग्यात अर्धा लिटरपेक्षा जास्त पाणी भरतात आणि त्यात निळा रंग मिसळतात. फुगा गळाला तर तो रंग लघवीत उतरतो, ती हिरवट-निळी होते. तसं दिसलं तर त्याच दिवशी यायचं, थांबायचं नाही.

पप्पांनी बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हणले गं?"

"सोपं आहे म्हणाले," मी सांगितलं.

कागद

आमच्या भावकीत इंग्रजीतला कुठलाही कागद आला की तो माझ्याकडं येतो. विम्याचं पत्र, बँकेची नोटीस, औषधाच्या डब्यातली घडी घातलेली चिठ्ठी. सातवी-आठवीपासून मी ते वाचते. पप्पांना त्याचा फार अभिमान. गिऱ्हाईकासमोर मुद्दाम हाक मारायचे, "मयू, ये बरं, हे काय लिहिलंय साहेबाला सांग."

फुगा बसवायच्या आदल्या दिवशी सिस्टरनं संमतीचा फॉर्म आणला. माझी सही आणि एका नातेवाईकाची. फॉर्म इंग्रजीत होता. मराठीत मागितला असता तर मिळाला असता. मी मागितला नाही.

"वाच," पप्पा म्हणाले आणि चष्मा काढून ऐकायला बसले.

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. मळमळ होईल, उलट्या होतील, दोन-तीन दिवस पोटात कळा येतील, सहा महिन्यांनी काढायचा. मग चार ओळी आल्या. फुगा आपोआप गळून आतड्यात अडकू शकतो, मग ऑपरेशन करावं लागतं. सहा महिन्यांच्या पुढं ठेवला तर तो धोका वाढत जातो. पेनकिलरच्या नेहमीच्या गोळ्यांनी पोटात जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. आणि फार क्वचित पोटाला छिद्र पडतं, मृत्यूही येऊ शकतो.

मी पान उलटलं.

"अन् धोका काही?" पप्पांनी विचारलं.

"काही नाही. सगळ्या फॉर्मवर असतं तेच आहे."

त्यांनी चष्मा घालून सही केली. इतक्या सावकाश केली की मला त्यांच्याकडं बघवेना.

पाच दिवस

फुगा बसवताना गुंगीचं औषध देतात, त्यामुळं काही कळत नाही. जागी झाले आणि तासाभरात उलट्या सुरू झाल्या. पोटात काही नसताना उलट्या. कुणीतरी आतून मूठ आवळून धरलीय आणि सोडत नाही, असं वाटत होतं. झोपलं तर कळ, बसलं तर मळमळ. मी कॉटवरून उतरायचे, सलाईनचा स्टँड धरून दारापर्यंत जायचे, परत यायचे. दर दोन तासांनी सिस्टर इंजेक्शन द्यायची आणि चमच्यानं पाणी प्यायला लावायची. चमचाभर पाणी प्यायची भीती वाटते हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला खरंच वाटलं की हे काढून टाका म्हणावं. वॉर्डात फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या, आमच्या माजलगावकडच्या. त्यांनी पुसायचा दांडा भिंतीला लावला.

"कावून रडायलीस, बाई? बाळंत व्हायलीस का काय?"

मला त्याही अवस्थेत हसू आलं, आणि हसल्यावर आणखी दुखलं.

"डाव्या कुशीवर नीज. पाय जवळ घे. आसं." त्यांनी माझ्या पाठीला उशी लावली. "अन् घड्याळाकडं बघू नको. ती त्या समोरच्या खाटंवरची घड्याळ बघून बघूनच येडी झाली."

डाव्या कुशीवर थोडं बरं वाटलं. पाचव्या दिवशी उलट्या थांबल्या आणि मी घरी आले. कुणाला फुगा बसवायचा असेल तर पहिले दिवस सोबत माणूस ठेवा आणि कामावरून आठवडाभर सुट्टी घ्या. आणि पाणीही पोटात ठरेनासं झालं तर घरी सहन करत बसू नका, दवाखान्यात जा.

टायफॉईड

गावात आम्ही टायफॉईड सांगितला. मम्मीनं ठरवलं तसं. पोटात फुगा आहे म्हटलं तर लोक बघायलाच येतील, ती म्हणाली.

पहिल्या महिन्यात मी वाटीभर वरणभातात जेवण संपवायचे. मम्मीला ते बघवायचं नाही. आयुष्यभर तिनं मला पोटभर खाऊ घातलं होतं. ती ताट उचलताना उरलेल्या भाकरीकडं बघायची आणि म्हणायची, "आता मी चुलीपुढं बसायचं कुणासाठी?" एकदा ती खरंच रुसून दुपारी जेवली नाही. घरात दोघी न जेवणाऱ्या झालो. पप्पा एकटेच ताटावर बसले आणि वैतागून म्हणाले, "मलापण एक फुगा बसवा, म्हणजे मिटलं."

पाचव्या महिन्यात वजन एकोणऐंशी झालं. जिना चढता येऊ लागला, साखर खाली आली. मला हलकं वाटत होतं, हे खोटं नाही.

आणि मग स्थळ आलं. सुजित, पुण्यात नोकरी, घर परळीकडचं. दोनदा बोललो. तोही फारसा बोलत नव्हता, त्याचं मला बरं वाटलं. साखरपुडा झाला आणि लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यात धरलं. माझ्या पर्समध्ये दवाखान्याचं कार्ड होतं, त्यावर फुगा काढायची तारीख होती. मेचा दुसरा आठवडा.

तारीख जवळ आली तसा दवाखान्यातून पप्पांच्या मोबाईलवर फोन आला. मी जिन्यात उभी होते, ते खाली दुकानात होते.

"हो मॅडम, येतो की. जरा लग्नाची गडबड हाय घरात. जूनमधी आणतो. न्हाई न्हाई, तिला काहीच तरास न्हाई."

पलीकडून त्या काहीतरी सांगत होत्या. पप्पा "हो, हो," म्हणत होते आणि त्याच वेळी गिऱ्हाईकाला सरकीचं पोतं दाखवत होते.

मी वर मम्मीकडं गेले. "मम्मी, फुगा लग्नाआधी काढू या ना."

"ब्लाऊज शिवून आलेत, मयू. काढल्याबरोबर सुटलीस तर? अन् त्यांच्या घरी कळलं तर? महिन्यानं काय होतंय?" आणि मग ती सहज म्हणाली, "तूच तर वाचलं होतंस, काही होत न्हाई म्हणून."



गडगनेर

आमच्याकडं लग्न ठरलेल्या मुलीला भावकीतलं प्रत्येक घर जेवायला बोलावतं. काही जण त्याला केळवण म्हणतात, आम्ही गडगनेर म्हणतो. पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणपोळी, आमरस, कुरडया, वर वाटीभर तूप. नवरीनं नाही म्हणायचं नसतं. मम्मीच्या यादीत चौदा घरं होती.

पोटात फुगा घेऊन चौदा घरी जेवायला जाणारी मुलगी माझ्याआधी कुणी झाली असेल असं वाटत नाही.

लिंबागणेशला काकूंनी मला समोर बसवून घेतलं. "खा की गं. काय लाजायलीस! टायफाडनं पार वाळून गेलीस. सासरचे म्हणतेन, ह्यांच्या घरी पोरीला खायला नव्हतं का काय."

"बास, काकू."

"बास कसलं? ही तुझ्या काकाच्या नावानं." दुसरी पोळी पडली. वरून तूप.

अर्ध्या तासानं मी घरामागच्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगाआड ओकत होते. ढेकरांना सडल्यासारखा वास यायला लागला होता. अन्न फुग्याभोवती अडकून राहत होतं, हे मला कळत होतं. पित्ताची जी गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची, ती पाहुण्यांच्या घरी सगळ्यांसमोर काढायची लाज वाटायची, म्हणून कधी कधी राहून जायची. पोटात कळ आली की मम्मी तिच्या पर्समधली दुखण्याची गोळी द्यायची आणि मी पाणी पिऊन दाखवेपर्यंत समोर उभी राहायची. मी गोळी गालात धरायचे आणि नंतर रुमालात थुंकायचे. "ही गोळी चालत नाही" एवढं म्हटलं असतं तरी पुढचा प्रश्न आला असता, आधी का नाही सांगितलंस?

कार्डावरची तारीख उलटून गेली.

तेव्हापासून मी लघवीकडं बघायला लागले. घरी संडासात पांढरी फरशी आहे, तिथं कळायचं. पण पाहुण्यांच्या घरी कुठं पिवळा बल्ब, कुठं काळी फरशी, कुठं उजेडच नाही. मी मोबाईलची बॅटरी लावून बघायचे. बाहेर आले की वाटायचं नीट बघितलं नाही, मग थोड्या वेळानं परत जायचे. दिवसातून दहा वेळा. एका घरी मला ऐकू आलं, "नवरीला लघवीचा आजार हाय का काय?" मोबाईलवर सुजितचा मेसेज यायचा, 'काय करतेस?' आणि मी बॅटरी बंद करून लिहायचे, 'काही नाही.'

निळं

अकरावं घर आत्याचं, घाटनांदूरला. आत्या पप्पांची धाकटी बहीण. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. नवीन घर बांधलेलं, नवा संडास, पण आतला बल्ब गेलेला. ताटं वाढायला घेतली तशी मी नेहमीसारखी आत गेले, आणि उठल्यावर बॅटरी लावली.

हिरवट-निळं होतं.

मी दार कसं उघडलं ते आठवत नाही. बाहेर माजघरात चौघं होते. आत्या रांगोळीवर पाट ठेवत होती.

"पप्पा, फुगा फुटला," मी म्हणाले.

"कसला फुगा?" आत्यानं वर बघितलं.

मामा म्हणाले, "आपण फुगे कुठं लावलेत? म्हणलं होतं लावू, तर तूच नको म्हणलीस."

"माझ्या पोटातला."

"मयू, गप," मम्मी म्हणाली.

मी गप बसले नाही. मला वाटत होतं आता वेळ नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी चार माणसांसमोर मोठ्यानं बोलत होते, आणि बोलत होते ते कुणालाच कळत नव्हतं, कारण त्या चार ओळी माझ्या तोंडून इंग्रजीत येत होत्या. फॉर्मवर होत्या तशाच. इतक्या वेळा मी त्या मनात म्हटल्या होत्या की त्यांचं मराठी करायचंच राहिलं होतं.

पप्पा उठून माझ्याजवळ आले. "मराठीत सांग."

मग मी मराठीत सांगितलं. आतड्यात अडकतो. सहा महिन्यांच्या पुढं धोका वाढतो. मम्मी देते त्या गोळ्यांनी रक्त येऊ शकतं. जीव जाऊ शकतो. निळी लघवी म्हणजे फुटला.

आत्या संडासाकडं धावली. आतून तिचा आवाज आला, "आगं माय माझे!" आणि ती दारात येऊन कपाळावर हात मारून उभी राहिली. "आगं, ते मी वतलंय! धुयाचं निळं औषध! नवरी यायली म्हणून सकाळी आख्खी बाटली वतली अन् पाणी टाकायचं राह्यलं!"

मामांना हसू आवरेना. आत्या एकाच वेळी रडत आणि हसत होती. मम्मी भिंतीला टेकून खाली बसली. मला आत्यानं एक पांढरा प्लास्टिकचा मग दिला आणि पुन्हा आत पाठवलं. पिवळी होती. साधी, पिवळी.

बाहेर आले तेव्हा फक्त पप्पा हसत नव्हते.

"हे सगळं त्या कागदात होतं?"

"होतं."

"मी सही केली त्या?"

"हो."

"मग मला कावून न्हाई वाचलं?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणलो असतो," पप्पा म्हणाले. मग त्यांनी खुंटीवरून टोपी काढली. "ऊठ. गाडीत बस."

"दादा, आरं पोरगी जेवली न्हाई," आत्या म्हणाली.

"तिनं जेवायचंच न्हाई."

गाडी सुरू होता होता आत्या पळत आली. तिनं खिडकीतूनच माझी ओटी भरली, खण आणि नारळ मांडीवर ठेवला. "हे तरी घेऊन जा. हे काही पोटात जात न्हाई."

गाडीत

पप्पांनी दवाखान्यात फोन लावला आणि मोबाईल सरळ माझ्या हातात दिला. डॉक्टर म्हणाले, या, थोडं थोडं पाणी सोडून पोटात काही घेऊ नका.

संध्याकाळपर्यंत भावकीत कळणार, हे तिघांनाही माहीत होतं. केज मागं पडल्यावर मी सुजितला फोन केला. मम्मी-पप्पा ऐकत होते, पण दुसरी वेळ मिळाली नसती. चार-पाच वाक्यांत सगळं सांगितलं. तो गप्प झाला. मग मीही गप्प झाले. मला वाटलं आता असंच राहणार.

"आत्ता कुठपर्यंत पोचलात?" त्यानं विचारलं.

"केजच्या पुढं."

"पोचल्यावर सांग."

एवढंच. त्या वेळी त्याचा अर्थ मला लावता आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईंचा मम्मीला फोन आला. त्या चिडल्या होत्या, आणि त्यांना फुग्यापेक्षा टायफॉईडचं खोटं जास्त लागलं होतं. मम्मी फक्त "चुकलं आमचं" म्हणत होती. लग्न ठरल्या तारखेलाच झालं. आजही वाढताना सासूबाई मधेच हात थांबवून "बास ना?" विचारतात. तो टोमणा आहे की काळजी, ते मी अजून ठरवलेलं नाही.

दवाखान्यात दुर्बीण घातली तेव्हा फुगा शाबूत होता. पण त्याच्याभोवती आदल्या दिवशीचं पुरण तसंच होतं. पोटात अन्न असताना काढला तर ते श्वासनलिकेत जायची भीती, म्हणून दोन दिवस फक्त पातळ पदार्थांवर ठेवून मग काढायचं ठरलं. पोटाच्या आतल्या अस्तराला एक जखम झाली होती. डॉक्टर रागावले नाहीत. "अजून महिनाभर थांबला असता तर काय झालं असतं, मी सांगू शकत नाही," एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच मावशी फरशी पुसत आल्या. "फिरून आलीस व्हय? काढायलेत? बरं झालं. भाडेकरू किती दिस ठेवायचा!"

फोन करणाऱ्यांसाठी

फुगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझी साखर अजून काबूत आहे. काढल्यापासून चार किलो परत आले, आणि ते थांबवायला मला रोज स्वतःशी भांडावं लागतं. ज्यांना अल्सर आहे, पोटाचं ऑपरेशन झालंय, पेनकिलरशिवाय भागत नाही, दिवस गेलेत किंवा लवकर मूल हवंय, त्यांनी डॉक्टरांपासून ते लपवू नये. फुगा बसवल्यावर काही बदललं, म्हणजे लग्न ठरलं, दुसरं औषध सुरू झालं, तर लगेच कळवावं. बसवायच्या तारखेपेक्षा काढायची तारीख आधी घरात भिंतीवर लिहावी. आणि घरात निदान एका माणसाला सगळं माहीत असावं. अर्धं नव्हे, सगळं. मला फोन करणाऱ्या बायकांना मी हल्ली आधी हेच विचारते, "घरी कुणाला सांगितलंय?" बहुतेक जणी तिथंच फोन ठेवतात.

दुसरा कागद

फुगा काढायच्या दिवशी सकाळी सिस्टर फॉर्म घेऊन आली. काढतानाही संमती लागते. घाटनांदूरहून निघाल्यापासून पप्पा माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. ते स्टूल ओढून कॉटजवळ बसले.

"काका, मराठीतला देऊ का?" सिस्टरनं विचारलं. "आहे आमच्याकडं."

"न्हाई. इंग्रजीतलाच द्या," पप्पा म्हणाले. "ही वाचती."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मी एक ओळ इंग्रजीत वाचायचे आणि मग तिचं मराठी सांगायचे. अडलं तिथं थांबून शब्द शोधायचे. गुंगीचा धोका. अन्ननलिकेला इजा. रक्तस्राव. मम्मी खिडकीपाशी पदर धरून उभी होती. मृत्यूची ओळ आली तेव्हा मी थांबले.

"थांबू नको," पप्पा म्हणाले.

मी ती ओळ वाचली. मराठीत सांगितली. पुढची वाचली. शेवटपर्यंत वाचलं आणि फॉर्म त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा घातला, पेन उघडलं, पण सही केली नाही. पानाच्या अगदी तळाशी बारीक छापलं होतं, तिथं त्यांनी बोट ठेवलं.

"अन् हे काय?"

"फॉर्मचा नंबर आहे, पप्पा. त्यात काही नाही."

"वाच."

मी नंबर वाचला, एकेक आकडा. मग त्यांनी सही केली.